घळीसाठी बांधलेलं ओझं

१९९१ साल. मला बावन्नावं चालू होतं. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या बाजूला मी तोलणार म्हणून कामाला होतो. शेतकऱ्याची गोणी काट्यावर चढली की वजन बघायचं आणि चारचौघांत मोठ्यानं पुकारायचं, एवढंच ते काम. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा धड नाही. पण मी पुकारलेलं वजन कुणी परत करायला लावलं असं एकदाही झालं नाही, आणि हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो.

त्या वर्षी थंडीत मी आणि माझा मेहुणा घळीत उतरणार होतो.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोच्या पाठचा भाऊ. आमचं लग्न झालं तेव्हा तो हाफ चड्डीत होता. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी त्याला सिंहगडावर नेला, आणि तेव्हापासून दर थंडीला आम्ही दोघं कुठला ना कुठला डोंगर चढलो. पुढे तो मॅट्रिक झाला, शहरात एका शाळेत कारकून लागला आणि पेठेत दोन खोल्यांत राहायला गेला. पेठेचं पाणी त्याला असं लागलं की सरळ बोलणंच विसरला. काही विचारलं की आधी टोमणा, मग उत्तर. तो मला दाजी म्हणायचा. मी त्याला पाव्हणं म्हणायचो. शाळेतला क्लार्क म्हणून नव्हे, त्याला ते आवडायचं नाही म्हणून.

घळ नगर जिल्ह्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या कड्याशी. जमीन उभी उकलावी तशी. दोन्ही अंगाला काळा कातळ, आणि मधली वाट कुठं कुठं एवढी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. ऊन तळाशी पोचत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून पावसाचं पाणी थंडीतसुद्धा आत साठून असतं, कुठं गुडघ्याला, कुठं छातीला. ते पार करून खाली दरीत उतरायचं, तिथं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या वाटेनं वर यायचं. पूर्वी एकदा आम्ही तिच्या तोंडापर्यंत जाऊन आलो होतो. अंथरूण कोरडं ठेवायची सोय नव्हती म्हणून मागं फिरलो. एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "दाजी, डोंगर बरेच झाले. हे एक राहिलं." मग दर थंडीला घळीचा विषय निघायचा आणि दर थंडीला काहीतरी आडवं यायचं. माझ्या पोरीचं लग्न, त्याच्या शाळेच्या परीक्षा, कधी कांद्याचा हंगाम.

त्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. चांगला जोरात झाला. मी भेटायला गेलो तर दवाखान्याच्या खाटेवर नुसते खांदे आणि डोळे दिसत होते. बरा होऊन घरी आला, पण जिना चढला की मध्येच भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहायचा. भिंतीवर कॅलेंडर नसलं तरी.

दिवाळी झाली आणि एका रविवारी तो आमच्याकडे आला. आमचं गाव कालव्याच्या काठाला. शहरानं पोटात घेतल्यापासून गावाचं नाव फक्त बसच्या पाटीवर राहिलं होतं, पण आमचं घर जुन्या जागी होतं. ओट्यावर बसून तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "यंदा घळ. नाताळच्या दिवशी निघायचं. शाळेला सुट्टी आहे, पुढं दोन रजा टाकतो."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हनतोय?"

"म्हणाले, गार पाण्यापासून जपा. मी म्हटलं, पेठेत नळाला पाणीच कुठं येतं."

मी हसलो. आत बायको भाकरी थापत होती, ती थांबलेली ऐकू आली. तो गेल्यावर बाहेर आली. त्याच्या बायकोनं मला कधी काही विचारलं नाही, पण नणंदेपाशी ती रडून गेली होती, हे मला तेव्हा कळलं. बायको म्हणाली, "मी नको म्हनत न्हाई. माझं ऐकनारं तुम्ही दोघंबी नव्हं. पन तो जसा नेला तसा मला आनून द्यायचा." कडेवर घेऊन वाढवलेला भाऊ होता तो तिचा. मी म्हटलं, देतो. माझ्या दृष्टीनं तो शब्द म्हणजे पुकारलेलं वजन झालं.

मग तयारीला लागलो. आजकालची पोरं दुकानात जातात आणि पाण्यात न भिजणारं सगळं तयार घेऊन येतात. आमच्या वेळी असलं काही मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मी घेतलं नसतं. मेहुण्याकडे जुन्या बाजारातून आणलेली मिलिटरीची सॅक होती. मी माझी स्वतः शिवली, बाहेरून ताडपत्री आणि पट्ट्यांना ट्रकचा पट्टा. दोर यार्डातला, ट्रकवरच्या मालाला आवळतात तो. पाणी फार खोल असलं तर सॅक ढकलत न्यायला ट्रकची ट्यूब. खाण्यात भाजणीचं पीठ, गूळ, शेंगदाणे, लसणाची चटणी आणि बाजरीच्या कडक भाकऱ्या. रॉकेलचा स्टो न्यायचा की तिथं लाकडं शोधायची यावर दोन रविवार गेले.

"घळीत लाकडं ओली असणार," तो म्हणाला.

"मला ओली लाकडं पेटवता येतात."

"येतात. मागं राजगडावर तुम्ही पेटवत होता तेव्हा मी झोपून उठलो होतो."

स्टो घेतला.

खरा वाद अंथरुणाचा. तो म्हणे रजई, मी म्हणे घोंगडं. कापूस भिजला की संपला, घोंगडं भिजलं तरी ऊब देतं, हे धनगराच्या पोराला पण ठाऊक असतं. तो म्हणाला, "दाजी, आपण भिजूच द्यायचं नाही असं ठरवू या का? म्हणजे वाद मिटेल." ते मला पटलं. गाळ्यावर खताच्या रिकाम्या गोण्या पडलेल्या असायच्या, त्यांच्या आतलं जाड प्लॅस्टिक काढलं, धुतलं, वाळवलं. त्यात घोंगडं, कोरडे कपडे, काड्यापेट्या, पीठ. एकात एक दोन प्लॅस्टिकं. तोंड कसं बंद करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. यार्डात मी आयुष्य काढलं होतं. दाभण घेतलं, सुतळी ओवली आणि कांद्याची गोणी शिवतात तसं घट्ट, जवळजवळ टाके घालून शिवून टाकलं. त्याच्या पिशवीलासुद्धा टाके घालायला निघालो. तो म्हणाला, "राहू द्या, माझी मी बांधतो." मी म्हटलं, कारकुनाची गाठ कुठवर टिकते ते बघूच.

दुपारचे व्यवहार उरकल्यावर दोन्ही सॅक गाळ्यावर नेऊन काट्यावर चढवल्या. हमाल भोवती जमले. त्यातला एक म्हणाला, "तोलणार, आता स्वतःच बसा काट्यावर, भाव काढतो." माझी सॅक जड निघाली, मला बरं वाटलं. मेहुणा काट्याकडे बघत म्हणाला, "कांदा वाळतो म्हणून तुम्ही घट धरता. आम्ही भिजणार आहोत, तेव्हा वाढ किती धरायची?"

हमाल हसले. मी हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता. घरी आलो आणि दोन्ही सॅक हौदात बुडवून वर पाटा ठेवला. तो रात्री आमच्याकडेच राहिला. सकाळी काढल्या. माझ्यातून पाण्याची धार लागली. घोंगडं उचलेना. पीठ लापशी झालेलं. सुतळीच्या एकेका टाक्याला दाभणाचं एकेक भोक, त्यातून पाणी आत शिरलेलं. गोणीला भोकं पडली तर कांद्याला हवा लागते, चांगलंच असतं. प्लॅस्टिकचं मला सुचलंच नाही. त्याची पिशवी उघडली. त्यानं तोंडाला पीळ देऊन, दुमडून, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलं होतं. आतली काडी ओढली, पेटली.

तो बहिणीला हाक मारून म्हणाला, "अगं, दाजींनी चाळणी शिवलीय. दळणाला ठेवून घे."

त्या सकाळी आम्ही तिघं जेवढं हसलो तेवढं नंतर कधी हसल्याचं मला आठवत नाही. घोंगडं वाळायला चार दिवस लागले. दोरीवर ते पाणी गाळत होतं आणि येणारा जाणारा विचारत होता.

पण सॅक तपासल्या, म्हणजे तपासायचं एक राहिलं होतंच. मी त्याला म्हटलं, "पाव्हणं, एक डाव कालव्यात उतरून बघू. डोक्यावर सॅक घेऊन."

"माझं वजन करायचंय तुम्हाला?"

"दोघांचं."

तो उगवतीला आला, सायकलवर. डिसेंबरातली पहाट, कालव्याच्या पाण्यावर वाफ उठलेली. बायका कपडे धुतात त्या घाटाच्या पायऱ्या उतरून मी आधी गेलो. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा माझाच श्वास अडकला, पण मी गप्प राहिलो. तो माझ्या मागून उतरला. सॅक डोक्यावर, ती धरायला एक हात वर. घाटाची साखळी धरून आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. त्याला खोकला आला नाही. मी खोकल्याचीच वाट बघत होतो. परतताना तो म्हणाला, "घळीत एवढी गर्दी नसेल." काठावर दोन म्हशी उभ्या होत्या.

वर आल्यावर मी त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं. कोवळ्या उन्हात बसलो. तो बोलत नव्हता, आणि ते मला खटकलं. ओठ काळेनिळे पडले होते. तोंड मिटून नाकानं छोटे छोटे श्वास घेत होता, कुणाला ऐकू जाऊ नयेत असे. बऱ्याच वेळानं म्हणाला, "चला, चहा घेऊ."

कालव्याच्या पुलाजवळ चहाची टपरी होती. त्यानं बशी उचलली आणि कप तिच्यात वाजायला लागला. थांबेना. त्यानं दोन्ही हातांनी धरून बघितला, तरी चहा सांडला. मग हलकेच बाकावर ठेवला आणि म्हणाला, "गरम आहे."

तो चहा गरम नव्हता. माझा मी कधीच पिऊन टाकला होता. मी कपाकडे बघत होतो आणि मी बघतोय हे तो बघत होता. मी टपरीवाल्याला म्हटलं, "कांद्याचा भाव उतरलाय बरं का." टपरीवाल्याला कांद्याशी काय करायचं होतं.

तिथंच बोलायला हवं होतं असं लोक म्हणतील. काय बोलणार होतो? तुला झेपणार नाही म्हणून? ज्याला मी हाफ चड्डीत गडावर नेला, ज्यानं पुढं माझी सॅक पण उचलली, त्याला? आणि घळीत नेला असता तर बायकोला दिलेला शब्द होताच. तो तिथं पाण्यात ओठ काळे करून बसला असता आणि वर यायला दिवसभराची वाट. मला त्याला न्यायचं नव्हतं, आणि तो नको म्हणेपर्यंत मी नको म्हणणार नव्हतो. मी त्या बाबतीत चुकलो असं मला आजही वाटत नाही. वाईट वाटणं आणि चुकणं ही दोन वेगळी वजनं आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो आला. मी दोन्ही सॅक दाराशी उभ्या केल्या होत्या. त्याची त्यानं आठवडाभर आमच्याकडेच ठेवलेली. जेवायला बसलो. बायकोनं वांग्याचं भरीत केलं होतं, त्याला आवडतं म्हणून. त्यानं अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाला, "दाजी, माझं काही जमत नाही. उद्या शाळेत ऑडिट आहे. हेडमास्तरांनी थांबायला सांगितलंय."

उद्या नाताळ. शाळा बंद. हे त्यानंच मला दिवाळीत सांगितलं होतं, आणि सांगितलेलं विसरणारा माणूस तो नव्हता. म्हणजे हे खोटं आहे हे मला कळेल, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं ते सांगितलं, ताटाकडे बघून.

मी म्हटलं, "बरं."

"तुम्ही जाऊन या. घळीच्या वरच्या वाडीतला कुणीतरी वाटाड्या येईल बरोबर. बघून आलात की सांगा कशी आहे."

"एकट्यानं बघायला ती काय जत्रा हाय?"

"माझ्यासाठी थांबू नका."

"तुमच्यासाठी कोन थांबतंय? माझाबी गुडघा दुखतोय."

माझा गुडघा दुखत नव्हता. तेव्हा नव्हता. त्यानं मान हलवली, हात धुतला, बहिणीला म्हणाला, "भरीत छान झालं होतं." सॅक नेली नाही. सायकलवर बसताना एकदा टांग चुकली, मग बसला.

बायको ताटं उचलत होती. ती म्हणाली, "चैतात जा की. पानी आटल्यावर. उनाचं जा, कोरड्या पायानं."

एवढं साधं. आम्हा दोघांच्या डोक्यात एवढ्या वर्षांत ते आलंच नव्हतं. घळ म्हणजे थंडी आणि घळ म्हणजे पाणी, पाण्यातून जाईल तोच गेला, असं आमचं आम्हीच धरून बसलो होतो. मी तिला म्हटलं, "पान्यावाचून ती घळ कसली? नुसती गल्ली."

ती म्हणाली, "मग गल्लीच बघा. पन दोघं बघा."

पुढं चैत्र आला. त्यानं विषय काढला नाही, मी काढला नाही. तो आमच्याकडे यायचा, पत्ते खेळायचा, मला हरवायचा आणि टोमणे मारायचा. डोंगर मात्र सुटला. मी एकटा दोन-तीनदा गेलो असेन, जवळपासच. तो विचारायचा, "धुकं होतं का?" मी सांगायचो. घळीचं नाव दोघांच्या तोंडून परत निघालं नाही. दरवर्षी होळी झाली की मला वाटायचं, आता म्हणेल. त्यालाही वाटत असेल, आता दाजी म्हणतील. चैत्र येत गेले. तो गेला तो घरीच, गार पाण्यानं नाही, डोंगरानं नाही, ऐन उन्हाळ्यात दुपारच्या झोपेत. बायको म्हणाली, "तुम्ही शब्द राखला." ती मनापासून म्हणाली. मला ते ऐकवलं नाही.

आता तर तिथं मोटारी जातात म्हणे. पोरं शिट्ट्या मारत उतरतात. नातवानं फोनमध्ये दाखवली. दोन भिंती, मधून आकाशाची पट्टी. मी म्हटलं, "बघितलीय मी." तोंडापर्यंतच बघितली होती, पण नातवाला कशाला सांगायचं.

माझं दुःख घळ राहिली याचं नाही. डोंगर कुणाचे सगळे होत नाहीत. मला त्याच्यासमोर "चैत्रात जाऊ" हे दोन शब्द म्हणता आले नाहीत, याचं आहे. आणि तसं बघितलं तर मी म्हणायला गेलो होतो.

त्यानं ऑडिट सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नाताळच्या सकाळी गेलो. यार्डात माझ्या जागी बदली माणूस उभा होता, रजा मंजूर होती, करायला काही नव्हतं. तोंडात ते वाक्य तयार करून पहिल्या बसनं शहरात उतरलो. बसमध्ये दोनदा मनात म्हणूनही बघितलं. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर तो दारातून बाहेर पडत होता. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेल्या चपला, काखेत फायलींची कापडी पिशवी. शेजारच्यानं ओट्यावरून विचारलं, "आज सुट्टी नाही का हो?" तो म्हणाला, "सुट्टी तुम्हाला. आम्हाला ऑडिट." आणि शाळेच्या रस्त्यानं चालायला लागला, हळू, मध्ये थांबत. एका दुकानाच्या पाटीवरचं काहीतरी वाचल्यासारखं करत उभा राहिला, मग पुढं निघाला.

मी हाक मारली असती तर त्याला वळावं लागलं असतं आणि फायली घेऊन माझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं. मी डेअरीच्या रांगेत माणसांच्या मागं सरकलो. तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला तेव्हा उलट्या रस्त्यानं चालत मार्केट यार्डात गेलो, बदलीच्या माणसाला घरी जा म्हणालो आणि काट्याशी उभा राहिलो.